लेकीच्या घराची किल्ली

आमचे हे दुसऱ्यांची दारं उघडून पोट भरतात. असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सरकून बसतो, म्हणून पुढचं लगेच सांगावं लागतं. ह्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. आम्ही ह्या देशात आलो तेव्हा ह्यांना इथली भाषा जेमतेम यायची, पण कुलपाला भाषा लागत नाही असं हे म्हणतात, आणि दाराबाहेर अडकलेल्या माणसाला तर नाहीच लागत. तो बिचारा थंडीत कुडकुडत उभा असतो. दार उघडणारा कसा बोलतो याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

दुकान म्हणजे काय, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं एवढं. मागे किल्ली कापायचं यंत्र, पुढे मी आणि फोन. यंत्र सुरू झालं की मला फोनवर ओरडावं लागतं, आणि ओरडायची सवय घरीही सुटत नाही असं आमच्या लेकीचं म्हणणं आहे.

तिला आम्ही ठकी म्हणतो. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते शाळेत आणि ऑफिसात वापरायचं. ठकी इथेच वाढली, इथेच शिकली, आणि इथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. जावई माणूस सज्जन आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तो उठता-बसता सॉरी म्हणतो. आपण त्याच्या पायावर पाय दिला तरी तोच सॉरी म्हणतो. मी त्याचं नाव सॉरीबुवा ठेवलं आहे. ठकीला ते आवडत नाही, त्याला अर्थ कळल्यावर त्याने त्याबद्दलही सॉरी म्हटलं.

दोघांनी घर घेतलं तेव्हा ह्यांनी लेकीला कुलूप दिलं. लोक दागिना देतात, ह्यांनी कुलूप दिलं, आणि दुकानातलं सगळ्यात भारी दिलं. स्वतः बसवलं, दार दहादा उघडून-लावून पाहिलं, किल्ल्या ठकीच्या हातात ठेवल्या. आणि दुकानात परत आल्यावर आणखी एक किल्ली कापून आपल्या जुडग्यात अडकवली. ठकीने ती दिली नव्हती, ह्यांनी मागितली नव्हती. लेकीच्या घराची किल्ली काय मागायची असते का?

तर तिथून सगळं सुरू झालं. ह्यांचं त्या बाजूला काम निघालं की हे ठकीकडे डोकावून यायचे. घरी कोणी नसलं तर उलट बरंच, हात मोकळा. नळ गळतोय, घट्ट कर. खिडकी करकरतेय, तेल घाल. कधी मीही बरोबर जायची. ठकीचं स्वयंपाकघर मी लावून दिलं नसतं तर आजही तिथे चहाची पातेली वर आणि मोठी भांडी खाली असती. की उलट होतं, आता आठवत नाही, पण जे होतं ते चुकीचं होतं.

एकदा आम्ही असेच गेलो होतो. हे सिंकखाली आडवे झाले होते, नुसते पाय बाहेर. मी फ्रिज रिकामा करून पुसत होते. तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेले सॉरीबुवा शीळ घालत बाहेर आले. बिचाऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती, आम्हाला काय माहीत. तो मला सॉरी म्हणाला, मग खाली वाकून ह्यांच्या पायांना सॉरी म्हणाला, आणि परत बाथरूममध्ये गेला. आम्ही जाईपर्यंत बाहेर आलाच नाही. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य अशी म्हण आहे. आमच्याकडे दुखणं जावयाला होतं आणि सासरा कुलूपवाला.

संध्याकाळी ठकीचा फोन आला. तिचा आवाज असा होता की ऑफिसात ती ह्याच आवाजात लोकांना नाही म्हणत असेल.

"बाबा, येण्याआधी एक मेसेज टाकत जा ना. प्लीज."

"टाकू की," हे म्हणाले. "त्यात काय."

आणि टाकायला लागले. पुढच्या वेळी ठकीच्या सोफ्यावर बसून, बूट काढून, पाण्याचा ग्लास हातात घेऊन ह्यांनी मेसेज टाकला, 'आलो आहे.' मी म्हटलं, "अहो, येण्याआधी टाकायचा होता." हे म्हणाले, "ती येण्याआधी टाकला ना?" आता बोला. वर तो सोफा ह्यांना खुपत होता. खिडकीतून ऊन सरळ त्यावर पडायचं, कापड विटायला लागलं होतं. आम्ही दोघांनी मिळून तो समोरच्या भिंतीला नेला. माझी कंबर चार दिवस धरली होती, पण कोणासाठी? लेकीसाठीच ना?

सोफ्याबद्दल ठकी काही बोलली नाही. मला ते चांगलं लक्षण वाटलं. मुलगी गप्प बसली तर समजावं की पोचलं, असं माझी आई म्हणायची. माझी आई चुकायचीही.

ठकीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तिने किल्ली परत मागितली असती तरी उपयोग काय होता? कुलूपवाल्याकडून किल्ली परत घेणं म्हणजे विहिरीतून घागरभर पाणी काढून विहीर रिकामी केली म्हणण्यासारखं आहे. हे दुकानात गेले असते आणि चहा होईपर्यंत दुसरी कापली असती.

आता मधे एक कंपनी आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मोठी कंपनी आहे. लोक फोनवरून तिच्याकडे काम नोंदवतात, आणि त्या भागातला जो कारागीर मोकळा असेल त्याला ते काम जातं. आमच्यासारखी बरीच छोटी दुकानं तिच्यात आहेत. आमचं नाव ठकीनेच घातलं. "बाबा, हल्ली रस्त्याने चालत कोणी दुकानात येत नाही," म्हणाली, आणि तासभर बसून सगळं भरलं. फोनवरच्या नकाशात तिने आमच्या दुकानाभोवती एक गोल काढून दिला. ह्या गोलातलंच काम येईल, म्हणाली, उगाच लांब हेलपाटे नकोत ह्या वयात.

त्या दिवशी सकाळी दुकानात फोन टिंगटिंगला. कंपनी गिऱ्हाइकाचं नाव देत नाही, नुसता पत्ता आणि काम. काम होतं कुलूप बदलण्याचं. पत्ता मी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"अहो," मी म्हटलं, "हा ठकीचा पत्ता आहे."

ह्यांनी यंत्र बंद केलं. फोन हातात घेतला आणि ह्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"चोरी झाली," हे म्हणाले. "आपण घाबरू नये म्हणून कंपनीला कळवलं पोरीने."

मग मला काही सुधरेना. दुकानाचं शटर ओढलं ते अर्धंच आलं, तसंच सोडलं. गाडीत ह्यांनी एक अक्षर काढलं नाही. मी मात्र बोलत होते, कारण मी गप्प बसले तर मला रडू येतं. सॉरीबुवा चोरालाही सॉरी म्हणाला असेल, असं काहीतरी बोलले. ह्यांनी ऐकलं नाही.

दारापाशी पोचलो. दार लावलेलं होतं, कुलूप धडधाकट. ह्यांनी जुडगा काढला, किल्ली फिरवली, आणि आम्ही आत शिरलो.

ठकी आणि सॉरीबुवा टेबलापाशी चहा पीत बसले होते. दोघं आमच्याकडे बघत राहिले. ह्यांच्या एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी, डोक्यावर कंपनीची टोपी.

"कुठून शिरला?" ह्यांनी विचारलं.

"कोण?" ठकी म्हणाली.

"चोर."

"कुठला चोर, बाबा?"

"काम आलंय ना. कुलूप बदलायचं."

ठकीच्या हातातला फोन तेवढ्यात वाजला. तिने पाहिलं. कारागीर पोचला आहे, असं कंपनी तिला कळवत होती. तिने फोन पालथा ठेवला.

"पण तुमचा भाग दुकानाजवळचा आहे," ती म्हणाली. "मी स्वतः तो गोल काढून दिला होता."

"मी मोठा केला."

"कधी?"

"झाले की महिने. बोटाने ओढला की होतो मोठा."

"पण कशासाठी? एवढ्या लांब?"

"तू इकडे राहतेस म्हणून," हे म्हणाले. त्यांना त्यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळलं नव्हतं.

मला मात्र कळलं. मी त्या टेबलाकडे पाहिलं, लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, ह्यांच्या हातातल्या जुडग्याकडे पाहिलं, आणि सगळं लख्ख कळलं. चोर शोधायला आम्ही अर्धं शहर ओलांडून आलो होतो, आणि चोर आम्हीच होतो. सॉरीबुवा उठून उभा राहिला. लग्नापासून पहिल्यांदाच त्याला सॉरी सुचलं नाही.

ह्यांना कळायला जरा वेळ लागला. मग ह्यांनी पेटी खाली ठेवली, टोपी नीट केली, आणि गिऱ्हाइकाशी बोलतात तसं बोलायला लागले.

"राहत्या घराचा पुरावा दाखवावा लागेल."

"बाबा."

"नियम आहे. उद्या कोणीही म्हणेल माझं घर."

ठकीने मुकाट्याने ओळखपत्र आणून दिलं. ह्यांनी ते चष्म्याजवळ नेऊन पाहिलं. "फोटो बरा नाही आला," म्हणाले, आणि परत केलं. "आता कारण. हे पण सगळ्यांना विचारावं लागतं. किल्ली हरवलीये, कुलूप बिघडलंय, की नको त्या माणसाकडे किल्ली आहे?"

मला वाटलं आता पोरगी काहीतरी सारवासारव करेल. लहानपणी दुधाचा ग्लास कुंडीत ओतून मांजरावर ढकलणारी पोर ही. एक खोटं बोलली असती तर आम्ही चहा पिऊन घरी गेलो असतो. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "तिसरं."

"बरं," हे म्हणाले.

मी म्हणाले, "ठके, लाज नाही वाटत?"

"वाटते ना, आई," ती म्हणाली. "म्हणून तर परक्या माणसाला बोलावलं होतं."

मी स्वयंपाकघरात गेले. भांडी पुन्हा जुन्या जागी लावलेली होती.

बाहेर ह्यांनी जुनं कुलूप काढलं. ते स्वतःच बसवलेलं, त्यामुळे निघायला त्रास देत होतं. मग पेटीतून दोन नवी काढून ठकीपुढे ठेवली.

"हे स्वस्त आहे. हे मी डोळे मिटून उघडतो. हे दुसरं घेतलंस तर किल्लीशिवाय उघडत नाही. आणि ह्याची दुसरी किल्ली कापताही येत नाही."

"तुम्हालासुद्धा नाही?"

"मलासुद्धा नाही."

सॉरीबुवाला भाषा कळत नव्हती, पण त्याने स्वस्ताकडे बोट दाखवलं. भला माणूस आहे, मी म्हटलंच होतं. ठकीने मान हलवली आणि दुसऱ्यावर हात ठेवला. ह्यांनी ते बसवलं. एरवी काम करताना हे शीळ घालतात, त्या दिवशी नाही घातली. काम मात्र असं केलं की दार लावताना आवाज म्हणून आला नाही. शेवटी किल्ल्यांचं बंद पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते तिथल्या तिथे फाडलं आणि एक किल्ली ह्यांच्यापुढे धरली.

"बाबा, ही राहू दे तुमच्याकडे. फक्त येण्याआधी..."

"कारागिराने गिऱ्हाइकाची किल्ली ठेवायची नसते," हे म्हणाले. "नियम आहे."

आणि जुडग्यातून जुनी काढून तिच्या टेबलावर ठेवली. आता त्या किल्लीने जगात काहीच उघडणार नव्हतं, तरी ठेवली.

घरी आल्यावर मी दोघांनाही बोलून घेतलं. म्हणजे ठकीला मनात आणि ह्यांना तोंडावर. ह्या देशात आपल्याला कोण विचारतं? बँकेत उभे राहा, दवाखान्यात उभे राहा, सगळीकडे नाक मुठीत धरून उभे राहा. जन्मभर दुसऱ्यांची दारं उघडली, त्यात एकच दार आपलं म्हणावं असं होतं. तेही लेकीने ह्यांच्याच हातून बंद करून घेतलं. हे सगळं मी बोलले. हे म्हणाले, "कुलूप छान बसलं पण."

त्यानंतर ह्यांनी नकाशातला गोल आवळला. इतका आवळला की दोन दिवस एकही काम आलं नाही, मग मी थोडा सैल केला. ठकीचे फोन यायचे. हे यंत्र सुरू करायचे आणि मला म्हणायचे, "सांग, काम चालू आहे." यंत्रात किल्ली नसायची. नुसतं करकरत राहायचं, आणि तिकडे ठकी आणि इकडे मी त्या आवाजात ओरडून एकमेकींना आपण मजेत आहोत असं सांगायचो.

"बाबा चिडलेत?"

"नाही गं, काम आहे."

"या ना तुम्ही."

"काय?"

"या ना म्हटलं."

"ऐकू येत नाहीये, ठके."

ऐकू येत होतं. पण नवरा तिथे मान खाली घालून रिकामं यंत्र चालवत बसलेला असताना मी काय म्हणणार होते? आणि खरं सांगायचं तर मलाही राग होता. राग आणि आठवण एकाच वेळी आली की माणूस भांडी घासतो. आमची भांडी त्या दिवसांत आरशासारखी झाली होती.

मग एका रविवारी हे सकाळीच आंघोळ करून आले. इस्त्रीचा शर्ट घातला. केसांना पाणी लावून भांग पाडला. लग्नाला जाताना करतात तसं बूट पुसले.

"कुठे निघालात?"

"ठकीकडे. तूही आवर."

"आणि किल्ली?"

"पाहुणे म्हणून जाऊ. लोक जातात ना पाहुणे म्हणून?" जरा थांबून म्हणाले, "तिला मेसेज टाक. आत्ता टाक, निघायच्या आधी."

मी टाकला. लगेच उत्तर आलं, पण ते वाचेपर्यंत हे गाडीत जाऊन बसले होते.

ठकीच्या दारापाशी उभे राहिलो तेव्हा हे इकडेतिकडे बघायला लागले. मला आधी कळेना काय शोधतायत. मग कळलं, बेल शोधतायत. इतकी वर्षं ये-जा केली, पण त्या दाराला बेल कुठे आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी चौकटीच्या कडेला एक पांढरं बटण सापडलं. ह्यांनी बोट पँटला पुसलं आणि दाबलं.

काही नाही. आतून ठकीचं हसणं ऐकू येत होतं, कपबशांचा आवाज येत होता. ह्यांनी पुन्हा दाबलं. आतलं हसणं चालूच राहिलं. कोणी उठल्याची चाहूल नाही.

ह्यांचा हात बटणावरून खाली आला. इस्त्रीच्या शर्टातला माझा नवरा त्या बंद दारासमोर इतका बापुडवाणा दिसला की मला ठकीचाही राग आला, देशाचाही आला, आणि ते कुलूप इतकं छान बसवल्याबद्दल ह्यांचाही आला.

"दार ठोका," मी म्हटलं. "नाहीतर मी हाक मारते. माझी हाक ऐकू जाईल."

"बेल असताना दार ठोकत नाहीत," हे म्हणाले. "पाहुणे आहोत."

मग वाकून त्यांनी त्या बटणाकडे जवळून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कामाची कळा आली. मी ती ओळखते. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून छोटा पेचकस काढला. लेकीकडे पाहुणा म्हणून निघालेल्या माणसाच्या खिशात पेचकस होता. झाकण निघालं. आत एक तार सुटून लोंबत होती. ह्यांनी ती खेचून जागेवर घट्ट केली, बटण दाबलं आणि आत असा काही आवाज झाला की मीच दचकले. कपबशा थांबल्या. पावलं आली. दार उघडलं.

ठकी दारात उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं, ह्यांच्या हातातल्या झाकणाकडे पाहिलं. मागून सॉरीबुवा बशी हातात घेऊन डोकावत होता.

"ही वाजली?" ती म्हणाली. "ही बेल वाजते? आम्ही घर घेतल्यापासून बंद आहे. सगळे दार ठोकतात. आम्हीसुद्धा आज कान दाराकडे लावून बसलो होतो, तुम्ही ठोकाल म्हणून."

"मग मला सांगायचं ना," हे एकदम तडकून म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "नळ दुरुस्त केला, खिडकी केली, सिंक केलं. सगळं घर केलं तुझं. एवढी बेल बंद आहे, आणि बापाला सांगता येत नाही?"

"तुम्ही कधी वाजवलीच नाहीत, बाबा," ठकी म्हणाली.

ह्यांनी झाकण चौकटीवर ठेवून पेच फिरवायला घेतले, आणि पेच काही केल्या भोकात बसेना, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं. ठकीने झाकण धरून ठेवलं. दोघांनी मिळून ते बसवलं.

मग ती बाजूला झाली, दार पूर्ण उघडलं, आणि म्हणाली, "या."

त्या घरात पोरीने आम्हाला कधी या म्हटलं नव्हतं. म्हणेल कशी? ती दाराशी येईपर्यंत आम्ही तिच्या स्वयंपाकघरात पोचलेले असायचो.

"सॉरी," सॉरीबुवा म्हणाला आणि माझ्या हातातला खाऊचा डबा घेतला. आम्ही बूट काढून आत गेलो. हे सोफ्याच्या अगदी कडेला बसले, परक्या घरी बसतात तसे, गुडघ्यांवर हात ठेवून. सोफा पुन्हा खिडकीसमोर आला होता आणि ऊन सरळ त्याच्यावर पडत होतं. ह्यांनी ते पाहिलं, मी पाहिलं, आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. निदान चहा येईपर्यंत तरी नाही.